कांचेच्या टाकींतील मोरचेल

भिवंडीस माझ्या घरीं बैठकीच्या खोलींत एक कांचेची टाकी आहे. तिच्या तळाशीं, दोन खडकांच्या बेचक्यांत, बोटाएवढी जाड व वीतभर लांब अशी एक मळकट नळी उभी असते, आणि त्या नळीच्या तोंडावर तांबूस-पांढऱ्या पट्ट्यांचा, पिसांसारखा एक फुलोरा उमललेला असतो. घरीं येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, "मास्तर, हें फूल खरें कीं प्लॅस्टिकचें?" आणि बोट दाखविण्याकरितां हात कांचेजवळ नेतो. हाताची सावली पडतांच तो फुलोरा, डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच, नळींत नाहींसा होतो. मग मात्र त्याला फूल म्हणण्यास कोणी धजत नाहीं.

हा प्राणी म्हणजे समुद्रांतील एक वलयांकित कृमि होय. आपल्या शेतांतील गांडूळ आणि हा, दोघेहि एकाच मोठ्या घराण्यांतले. इंग्रज लोक याला ‘फेदर डस्टर’, म्हणजे धूळ झटकण्याचा पिसांचा कुंचा, म्हणतात. परंतु आपल्याकडे याहून चांगला शब्द आहे. देवळांत देवावर आणि दर्ग्यांत मजारीवर मोरपिसांचा जो जुडगा ढाळतात त्यास आपण मोरचेल म्हणतों. या कृमीचा फुलोरा पाहून मला तेंच आठवलें, आणि आमच्या घरांत तेंच नांव रूढ झालें. आजच्या भाषणांतहि मी तेंच वापरणार आहें.

प्रारंभींच एक कबुली द्यावयास हवी. मी शास्त्रज्ञ नव्हें. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें, आणि उभा जन्म मुलांना शिकविण्यांत गेला. निवृत्त झाल्यावर हा छंद जडला, त्याला आतां सात वर्षें होतील. या सात वर्षांत यांपैकीं दोन जीव माझ्या हातून गेले. दोन्ही वेळां प्रेमाची वाण नव्हती, कष्टांचीहि नव्हती. वाण होती ती प्राण्याच्या ओळखीची. ज्याला आपण त्याची शोभा समजतों तें त्याचें तोंड आहे, तेंच त्याचें फुप्फुस आहे, आणि डोळेहि त्यांतच आहेत. ही एक गोष्ट मला आधीं उमगती तर ते दोन्ही जीव कदाचित् वांचते. म्हणून ती आज आपणांस सांगावी असा हेतु आहे.

प्रथम या फुलोऱ्याची रचना पाहूं. त्यांतील प्रत्येक पीस म्हणजे एक लांब दांडा; दांड्याच्या दोन्ही बाजूंस बारीक शाखा; आणि त्या शाखांवर नुसत्या डोळ्यांस न दिसणारे असंख्य केस. हे केस अखंड हालत असतात, आणि त्यांच्या हालण्यानें पाण्याचा एक मंद प्रवाह पिसांमधून वाहूं लागतो. पाण्याबरोबर येणारे सूक्ष्म कण शाखांवर अडकतात व दांड्याच्या मधोमध असलेल्या पन्हळींतून खालीं तोंडाकडे वाहून नेले जातात. तेथें त्यांची निवड होते. निकल यांनीं १९३० सालीं युरोपच्या किनाऱ्यावरील अशाच एका कृमीवर केलेलें संशोधन प्रसिद्ध आहे. त्यांना असें आढळलें कीं, पिसांच्या बुडाशीं असलेल्या घड्या कणांचे तीन वर्ग करतात. मोठे कण बाहेर टाकले जातात. मध्यम कण नळी बांधण्याकरितां राखले जातात. आणि अगदीं बारीक तेवढे तोंडांत जातात. आपल्या घरीं जात्याखालचें पीठ चाळून कोंडा, रवा व सपीठ निराळें करतात, तसाच हा प्रकार. फरक इतकाच कीं, येथें चाळणी, सूप व घांस उचलणारा हात हीं सर्व एकाच अवयवांत आहेत.

श्वासोच्छ्वासहि याच पिसांतून होतो. शरीराचा बाकीचा भाग नळींत कोंडलेला असल्यामुळें पाण्यांतील प्राणवायु घेण्याचें मुख्य काम पिसांवर पडतें. या घराण्यांतील कृमींचें रक्त हिरवें असतें, हें ऐकून माझ्या विद्यार्थ्यांना नेहमीं मौज वाटे. आपल्या रक्ताप्रमाणेंच त्यांतहि लोह असतें. परंतु तें ज्या द्रव्यांत गुंफलेलें असतें तें विरल असतां हिरवें दिसतें. शिवाय पिसांवर प्रकाश जाणणारे बारीक ठिपके असतात, आणि शरीरांतून जाड मज्जातंतु गेलेले असतात. सावली पडली कीं ठिपके सूचना देतात आणि तंतु ती सबंध देहास एकदम पोंचवितात. पाहुण्याच्या बोटासरशीं फूल नाहींसें होतें याचें कारण हें.

नळीवरून या प्राण्यांचे दोन मोठे वर्ग ओळखतां येतात. एक वर्ग चिखलाचे बारीक कण आपल्या चिकट रसांत कालवून चामड्यासारखी मऊ नळी विणतो. माझ्याकडील कृमि या वर्गांतला. दुसरा वर्ग चुन्याची कठीण, पांढरी नळी बांधतो, आणि आंत शिरल्यावर दारास बूच लावावें तसें एका झांकणानें तोंड बंद करून घेतो. बंदरांत फार दिवस उभ्या असलेल्या जहाजांच्या तळाशीं पांढऱ्या नळ्यांचीं जीं पुटें चढतात तीं याच दुसऱ्या वर्गाचीं. यांतच नाताळच्या झाडासारखा दिसणारा एक फार देखणा कृमि आहे. परंतु तो जिवंत प्रवाळांत घर करून राहतो, सबब नवशिक्यानें त्याच्या वाटेस जाऊं नये. मऊ नळीचा मोरचेल त्यामानानें सोशिक आहे.

आतां टाकीविषयीं. नव्या माणसास वाटतें कीं लहान टाकी सांभाळण्यास सोपी. वास्तविक तें उलट आहे. पाणी जितकें थोडें तितकी त्याची प्रकृति लवकर बिघडते. शंभर लिटरांपेक्षां लहान टाकी घेऊं नये, आणि टाकी मांडल्यावर सहा महिने तरी मोरचेल आणूं नये. या अवधींत खडकांवर व वाळूंत उपकारक जंतूंची वस्ती वाढते, आणि प्राण्यांच्या मलापासून होणारें अमोनियासारखें विष तीं पचवूं लागतात. अमोनिया व नायट्राइट यांचा पाण्यांत मागमूसहि असतां कामा नये. तपासण्याचीं साधनें बाजारांत मिळतात. तीं घेण्यास कुचराई करूं नये.

पाणी घरींच तयार करावें. आमच्या गांवास खाडी जवळ असली तरी तें पाणी उपयोगाचें नाहीं. त्याचा खारेपणा भरती-ओहोटीबरोबर व पावसाबरोबर बदलतो, आणि त्यांत वस्तीचें सांडपाणी मिसळतें. गाळून क्षारमुक्त केलेल्या पाण्यांत सागरी टाकीसाठीं मिळणारें तयार मीठ लिटरास सुमारें ३५ ग्रॅम या प्रमाणांत विरघळवावें. स्वयंपाकाचें मीठ चालत नाहीं, कारण समुद्राच्या पाण्यांत मॅग्नेशियम, कॅल्शियम इत्यादि अनेक क्षार असतात. विशिष्ट गुरुत्व १.०२३ ते १.०२५ च्या दरम्यान असावें आणि उष्णमान २४ ते २७ अंश सेल्सिअस.

हा शेवटचा आंकडा ऐकून भिवंडीकर हंसतील. मे महिन्यांत आमच्या घरांत माणसांचीच लाही होते, तेथें टाकीची काय कथा! धनिकांना पाणी थंड करणारें यंत्र घेतां येतें. माझ्यासारख्यानें टाकीवर एक लहान पंखा पृष्ठभागाकडे तोंड करून लावावा. वाफ होतांना पाण्यांतील उष्णता निघून जाते, आणि दोन-तीन अंशांचा फरक सहज पडतो. माठांतलें पाणी गार होतें त्याच नियमानें हें घडतें. परंतु येथेंच एक हिशेब ध्यानांत ठेविला पाहिजे.

समजा, टाकींत शंभर लिटर पाणी आहे, म्हणजे त्यांत ३५०० ग्रॅम क्षार आहेत. पंख्यामुळें रोज दोन लिटर पाणी उडून जातें. पांच दिवस आपण लक्ष दिलें नाहीं, तर दहा लिटर कमी झाले. पाणी गेलें, क्षार मात्र गेले नाहींत. उरलेल्या नव्वद लिटरांत तेच ३५०० ग्रॅम, म्हणजे लिटरास जवळजवळ ३९ ग्रॅम झाले. मासा हें कदाचित् सोशील. आपला कृमि सोसणार नाहीं. म्हणून जितकें पाणी उडालें तितकें रोजच्या रोज भरावें, आणि तें खारें नव्हे, तर गोडें, क्षारमुक्त पाणी भरावें. जें उडतें तेंच भरावयाचें, हा नियम. ‘पाणी जातें आणि बाकीचें सर्व मागें राहतें’ हें वाक्य श्रोत्यांनीं कृपया लक्षांत ठेवावें. पुढें त्याची गरज लागणार आहे.

आमच्या गांवाच्या दोन अडचणी आणखी सांगतों. पहिली विजेची. वीज गेली कीं पाणी फिरविणारा पंप थांबतो. आणि ऊन पाण्यांत प्राणवायु मुळांतच कमी मावत असल्यामुळें उन्हाळ्यांत दोन-तीन तासांतच जीव कासावीस होतात. विजेरीवर चालणारा हवेचा लहान पंप थोड्या पैशांत मिळतो. तो घरीं असूं द्यावा. दुसरी अडचण यंत्रमागांची. भिवंडीच्या हवेंत सुताचे बारीक तंतु सदैव तरंगत असतात. ते पाण्यावर बसले कीं तेलकट सायीसारखा थर होतो आणि हवेचा पाण्याशीं संबंध तुटतो. टाकीवर बारीक जाळी घालावी. थर आलाच तर कोरा कागद अलगद पृष्ठभागावर टेकवून उचलावा. साय कागदास चिकटून येते.

टाकींत मोरचेलाची जागा मध्यम प्रवाहाची असावी. प्रवाह इतका नको कीं पिसें एका बाजूस लवतील, आणि इतका मंदहि नको कीं त्यांवर गाळ सांचेल. नळीचें खालचें टोंक वाळूंत किंवा खडकांच्या फटींत सैलसर टेकवून ठेवावें. दाबून बसवूं नये. दुकानांतून आणतांना नळी पाण्याबाहेर काढूं नये, कारण तींत हवा अडकण्याचा संभव असतो. पिशवींतील पाण्यांत टाकीचें पाणी थेंब थेंब मिसळत तास-दीड तास जाऊं द्यावा, मग प्राणी सोडावा. सोबतीहि निवडून घ्यावे. फुलपांखरी मासा व देवदूत मासा या नांवांनीं विकले जाणारे कित्येक मासे, तसेच ट्रिगर व फुग्या मासे, पिसें खुडून खातात. मोठे शंखवासी खेकडेहि विश्वासू नव्हेत. नळीच्या तोंडाशीं पिसांचे तुकडे दिसूं लागले, तर पाण्यापेक्षां आधीं शेजाऱ्यांवर संशय घ्यावा.

आतां आहाराकडे वळूं. पुष्कळ मोरचेल येथेंच मरतात, आणि मरतात ते बहुधा टापटिपीच्या घरीं. सागरी टाकी बाळगणारा मनुष्य स्वच्छतेचा भोक्ता असतो. तो गाळणी लावतो, फेसाबरोबर घाण बाहेर काढणारें स्किमर नांवाचें यंत्र लावतो, आणि पाणी स्फटिकासारखें निर्मळ ठेवतो. पण ज्या प्राण्याचें अन्नच पाण्यांत तरंगणारा सूक्ष्म कण आहे त्यास असें निर्मळ पाणी म्हणजे रिकामें ताट. तो एका दिवसांत मरत नाहीं. महिनोन् महिने झिजतो. त्याचीं पिसें आंखूड होत जातात, एकदां गळून नवीं येतात तीं पूर्वीपेक्षां लहान येतात, आणि मालक मात्र पाण्याच्या निर्मळपणाची प्रौढी सांगत असतो.

यास योग्य आहार म्हणजे समुद्रांतील एकपेशीय शैवाल. मिलिमीटरचा हजारावा भाग तो एक मायक्रॉन. बाजारांत बाटलींतून मिळणारें नॅनोक्लोरॉप्सिस जातीचें शैवाल सुमारें दोन-तीन मायक्रॉनांचें असतें, आणि टेट्रासेल्मिस जातीचें दहाच्या आसपास. दोन्ही मिसळून दिल्यास उत्तम. माशांचा सुका खाऊ चुरून टाकण्यांत अर्थ नाहीं. त्यांतला बहुतेक भाग या प्राण्याच्या हिशेबीं दगडधोंडेच होत. आठवड्यांतून तीन-चार वेळां, आणि दर वेळीं थोडेंच, असें शैवाल द्यावें. देतांना स्किमर तास-दोन तास बंद ठेवावें, पाणी फिरविणारा पंप मात्र चालू असावा. पिचकारी थेट पिसांवर मारूं नये, नाहींतर प्राणी आंत जाऊन बसतो. प्रवाहाच्या वरच्या अंगास सोडावें, म्हणजे अन्न आपोआप त्याच्यापर्यंत जातें. अतिरेक मात्र नको. न खाल्लेलें अन्न सडतें, नायट्रेट वाढतें आणि कांचेवर हिरवा लेप चढतो. शंभर लिटरांस आठवड्याला दहा लिटर पाणी बदलावें, म्हणजे खाणें व स्वच्छता यांचा मेळ बसतो.

श्रोतेहो, येथवर जें सांगितलें तें कोणत्याहि माहितगाराकडून आपणांस मिळूं शकेल. आतां माझ्या दोन चुका सांगतों.

पहिला मोरचेल आणून पंधरा दिवस झाले होते. एके सकाळीं पाहतों तों त्याचा सारा फुलोरा सुटून वाळूवर पडलेला. नळीचें तोंड मिटलेलें. मीं दोन दिवस वाट पाहिली. कांहींच हालचाल नाहीं. मेलेला प्राणी पाण्यांत राहिला तर पाणी नासेल, ही धास्ती. मीं नळी उचलली आणि गच्चींतल्या गुलाबाच्या कुंडींत नेऊन टाकली. माझी नात त्या वेळीं सात वर्षांची होती. तिसऱ्या दिवशीं तिनें कुतूहलानें ती नळी काडीनें उकलली. आंत कृमि होता. सबंध, कोठेंहि न सडलेला, आणि डोक्याशीं बारीक केसांसारख्या कोंवळ्या पिसांची एक ओळ फुटूं लागलेली. अर्थात् तो आतां मेलेला होता. नातीनें मला विचारलें, "आजोबा, हा कुठें मेला? टाकींत कीं कुंडींत?"

चाळीस वर्षें मुलांच्या प्रश्नांना उत्तरें देण्यांत गेलीं. पण त्या प्रश्नाचें उत्तर देतांना मला घशाशीं अडखळल्यासारखें झालें. "कुंडींत," मी म्हणालों. दुसरें उत्तर नव्हतेंच.

मग मी चौकशी केली, वाचलें, आणि मला कळलें कीं या प्राण्यास संकट आलें, म्हणजे पाणी बदललें, प्रवास घडला, उष्णमान चढलें किंवा कोणी त्रास दिला, कीं तो आपला फुलोरा टाकून देतो. पाल जशी शेंपटी टाकते तसेंच हें. नंतर तो नळींत स्वस्थ बसतो आणि आंतल्या आंत नवीं पिसें घडवितो. यास कित्येक आठवडे लागतात. नवीं पिसें प्रथम लहान व फिकीं असतात. अन्न व पाणी बरें असेल तर पुढें तीं वाढतात. तेव्हां फुलोरा गळालेला दिसला तर प्रथम पाणी तपासावें, मग शेजारी पाहावे, आणि नंतर वाट पाहावी. नळी ओढूं नये, दाबून पाहूं नये, उकलूं तर नयेच. प्राणी खरोखर मेला असेल तर लपून राहत नाहीं: शरीर लिबलिबीत होऊन नळीबाहेर लोंबूं लागतें आणि दुर्गंधि सुटते. तसें कांहीं नसेल तर महिनाभर तरी त्याला मेला म्हणण्याचा आपणांस अधिकार नाहीं.

दुसरी चूक याहून मोठी. दुसरा मोरचेल वर्षभर उत्तम राहिला. मग उन्हाळ्यांत त्याचीं पिसें गळालीं. मी आतां शहाणा झालों होतों, वाट पाहिली. पिसें आलीं, पण अगदीं लहान, पुन्हां गळालीं. टाकींतील गोगलगाई एकेक करून उलट्या पडूं लागल्या. मासे मात्र ठीक होते. अमोनिया पाहिला, खारेपणा पाहिला, उष्णमान पाहिलें, सर्व यथास्थित. मी हतबुद्ध झालों. एके दिवशीं स्वयंपाकघरांतून टाकीसाठीं पाणी घेत असतां माझी नजर भांड्यावर गेली. त्या उन्हाळ्याच्या आरंभीं घरांत तांब्याचा नवा हंडा आला होता. यंत्रांतून गाळलेलें पाणी रात्रभर त्यांत ठेवावयाचें व सकाळीं प्यावयाचें, असा परिपाठ सुरू झाला होता. टाकींत रोज घालावयाचें दोन लिटर पाणीहि मी तेथूनच घेत होतों.

तांब्यांत ठेवलेलें पाणी आपल्याकडे पवित्र व आरोग्यदायक मानतात, आणि माणसाला त्या अंशमात्र तांब्यापासून सहसा अपाय होत नाहीं. परंतु कृमि, गोगलगाय, झिंगा, अशा पाठीचा कणा नसलेल्या जलचरांस तांबें हें जहर आहे. ज्या मात्रेंत मासा तग धरतो, तिच्याहून पुष्कळ कमी मात्रेंत हे जीव दगावतात. आणि आतां मघाचें वाक्य आठवावें: पाणी जातें आणि बाकीचें सर्व मागें राहतें. रोज दोन लिटर पाणी उडून जाई. त्याबरोबर आलेलें तांबें मात्र टाकींतच राही. दुसऱ्या दिवशीं आणखी थोडें, तिसऱ्या दिवशीं आणखी थोडें. एका दिवसाची मात्रा क्षुल्लक. दोन महिन्यांची नव्हे.

मीं हें सांगितलें तेव्हां घरांतून प्रश्न आला, "अहो, म्हणजे हंडा आणून मींच मारलें कां त्याला?" मी म्हणालों, "अगं, हंडा तुझा असला तरी ओतणारा हात माझा होता. आणि तुला तांब्याचें काय ठाऊक? तें ठाऊक असणें माझें काम होतें." आम्हीं पुष्कळ पाणी बदललें, प्राणिज कोळशाऐवजीं मिळणारा सक्रिय कोळसा गाळणींत घातला, पण तो कृमि वांचला नाहीं. तांबें खडकांत व वाळूंत मुरून बसतें आणि पुढें हळूहळू सुटत राहतें, म्हणून मला तीं दोन्ही टाकून नवीं घालावीं लागलीं.

यावरून सर्वांस माझें सांगणें असें. या टाकीच्या पाण्यास तांब्यापितळेचें भांडें, पळी, नळ कांहींहि लागूं देऊं नये. प्लॅस्टिकचें एक भांडें निराळें ठेवावें. हल्लीं घरगुती गाळणयंत्रांत पाण्याला तांबें देणारी नळकांडी बसविलेली असते. आपल्या यंत्रांत ती आहे कीं काय तें पाहून घ्यावें. आणि माशांच्या अंगावर पांढरे ठिपके उठतात त्या रोगावरील पुष्कळ औषधांत तांबें असतें. औषध द्यावयाचें तर आजारी मासा दुसऱ्या भांड्यांत काढून द्यावें. मोरचेल असलेल्या टाकींत एक थेंबहि टाकूं नये.

आतां एक प्रश्न उरतो, आणि तो टाळणें योग्य नव्हे. हे प्राणी येतात कोठून? बहुतेक मोठे मोरचेल समुद्रांतून पकडलेले असतात. हवाई बेटांतून ते पूर्वीं मोठ्या संख्येनें बाहेर जात. हा प्राणी खडकांच्या फटींत रुतून बसत असल्यामुळें तो काढावयाचा म्हणजे पुष्कळदां खडकच फोडावा लागतो. एका नळीसाठीं दहा जीवांचें घर मोडतें. म्हणून विकणाऱ्यास तो कोठून व कसा आणला हें विचारावें, आणि उत्तर मिळालें नाहीं तर रिकाम्या हातीं परतावें. प्रवाळाच्या बाबतींत तर प्रश्न विवेकाचाच नव्हे, कायद्याचाहि आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत २००१ सालीं दगडी प्रवाळांचा समावेश झाला; वाघास जें संरक्षण तेंच त्यांस मिळालें. मुंबईस किनारी रस्त्याच्या कामापायीं हाजी अली व वरळी येथील प्रवाळ २०२० सालीं उचलून दुसऱ्या जागीं बसवावे लागले, तें याच संरक्षणामुळें. सबब माझ्या टाकींत प्रवाळ नाहींत, प्रवाळाचे मेलेले दगडहि नाहींत. सर्व खडक कृत्रिम आहेत, आणि मोरचेलाची त्याबद्दल कांहीं तक्रार दिसत नाहीं.

ज्यांना टाकीचा व्याप झेपणार नाहीं त्यांनीं निराश होऊं नये. शाळकरी वयांत मरीन ड्राइव्हवरील, १९५१ सालीं उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयाच्या कांचेला नाक लावून मी पहिल्यानें समुद्र आंतून पाहिला. पण त्याहून मोठें मत्स्यालय कोंकणच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळीं विनामूल्य उघडें असतें. मोठ्या ओहोटीस खडकांच्या डबक्यांत वांकून पाहावें, सावली पडूं न देतां स्वस्थ राहावें, म्हणजे पांढऱ्या नळ्यांतून नखाएवढे फुलोरे बाहेर येतांना दिसतात. मालवणच्या समुद्राचा कांहीं भाग तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तेथें पाहावें, मुलांना दाखवावें, आणि कांहींहि न उचलतां परत यावें.

माझा तिसरा मोरचेल आज साडेतीन वर्षें टाकींत आहे. प्रारंभीं ज्याचें वर्णन केलें तो हाच. परंतु हें भाषण लिहावयास बसलों त्याच आठवड्यांत त्यानें पुन्हां आपला फुलोरा टाकला. उन्हाळा आहे, मध्यंतरीं एका रात्रीं वीज बराच वेळ नव्हती, कारण तेंच असावें. पाणी तपासलें, तें ठीक आहे. नळीचें तोंड मिटलेलें आहे, आणि पाहणाऱ्यास ती रिकामी वाटते. नात आतां तेरा वर्षांची आहे. तिनें भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत त्या दिवसाभोंवतीं पेन्सिलीनें वर्तुळ केलें आहे, आणि रोज सकाळीं शाळेंत जाण्यापूर्वीं ती एक रेघ ओढते. आज अकरावी रेघ ओढली. नळीस मीं हात लावलेला नाहीं.